एक लाख प्रश्न, एक कसोटी : मेंदू-प्रतिमांच्या विश्लेषणातील सांख्यिकीय सार्थकता

प्रस्तावना

वृत्तपत्रांतून व लोकप्रिय विज्ञानविषयक पुस्तकांतून मेंदूची रंगीत चित्रे आता सर्रास पाहावयास मिळतात. करड्या पार्श्वभूमीवर लाल-पिवळे ठिपके असतात आणि खाली 'भीती वाटत असताना उद्दीपित झालेला भाग' अशा प्रकारची ओळ असते. वाचकाचा स्वाभाविक समज असा होतो की, यंत्राने मेंदूचे छायाचित्र घेतले आणि त्यात भीती प्रत्यक्ष चमकताना दिसली. वस्तुस्थिती तशी नाही. ते रंग यंत्रातून येत नाहीत. ते सार्थकता कसोटीच्या निकालातून येतात. मेंदूच्या प्रत्येक बारीक भागासाठी एक सांख्यिकीय कसोटी लावली जाते, संशोधकाने ठरविलेली मर्यादा जो भाग ओलांडतो त्यास रंग दिला जातो, व उरलेला भाग करडा ठेवला जातो. मर्यादा बदलली की चित्र बदलते.

ही मर्यादा कशी ठरते, ती चुकली तर काय घडते, आणि अशा चुकीची किंमत केवळ शोधनिबंधापुरतीच राहते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वैद्यकातील वाटला तरी त्याचे मूळ शेतात आहे. म्हणून आरंभ शेतापासूनच करणे इष्ट होईल.

शेतातून आलेली कसोटी

मोहोळ हे नाव कृषिशास्त्रात ज्वारीमुळे परिचित आहे. रब्बी ज्वारीचा 'मालदांडी ३५-१' हा वाण १९३० च्या दशकात येथेच, स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने तयार झाला. एक वाण दुसऱ्याहून सरस आहे असे म्हणावयाचे तर केवळ एका वाफ्यातील उत्पादन जास्त आले एवढे पुरत नाही. या भागातील काळी जमीन एकाच शेतात कोठे हातभर, तर कोठे पुरुषभर खोल असते. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. त्यामुळे उत्पादनातील फरक वाणाचा की जमिनीच्या खोलीचा, हा प्रश्न प्रत्येक प्रक्षेत्र प्रयोगात उभा राहतो.

याच प्रश्नास उत्तर म्हणून रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात सार्थकता कसोटीची मांडणी केली. त्यांचा संशोधकांसाठी लिहिलेला ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. विचार सरळ आहे. प्रथम असे समजावयाचे की दोन वाणांत काहीच फरक नाही. ही शून्य परिकल्पना होय. ती खरी असती तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता किती, हे काढावयाचे. ही संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. ते ०.०५ पेक्षा कमी असेल तर फरक 'सार्थक' म्हणण्याचा प्रघात फिशर यांच्यापासून पडला. ०.०५ हा आकडा सोयीचा म्हणून निवडलेला होता. तो निसर्गनियम नव्हे.

ही पद्धत भारतात रुजविण्यात मराठी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९३० च्या दशकात लंडन येथे नेमन व पिअर्सन यांच्या सहवासात संशोधन केले. पुढे त्यांनी डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह लिहिलेला, १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला कृषी संशोधकांसाठीचा सांख्यिकी ग्रंथ 'पानसे-सुखात्मे' या जोडनावानेच कृषी महाविद्यालयांत ओळखला जातो. कोल्हापूरचे डॉ. वि. शं. हुजूरबाजार यांनी मात्र केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले, आणि जेफ्रीज हे पी-मूल्याचे कठोर टीकाकार होते. सार्थकतेचा वाद आज नवा म्हणून सांगितला जातो. त्या वादाच्या दोन्ही घराण्यांत मराठी विद्वान पाऊणशे वर्षांपूर्वीच शिकून आले होते.

पी-मूल्याविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पी-मूल्य ०.०५ आले म्हणजे 'निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के' असे नव्हे. ते फक्त एवढे सांगते की, फरक मुळीच नसता तर असा निकाल शंभरात पाच वेळा आपोआप आला असता. आणि ही पाचाची भाषा एकाच प्रश्नापुरती खरी असते. प्रश्न वाढले की ती फसवी ठरते. वीस वाणांची चाचणी घेतली तर त्यांच्या १९० जोड्या होतात. सर्व वाण सारखेच असले तरी त्यांपैकी सरासरी नऊ-दहा जोड्यांत ०.०५ पातळीवर फरक 'आढळेल'.

सत्तावीस ज्योतिषी

प्रश्नांची संख्या वाढली की काय होते याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. २००८ साली पुणे येथे डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर व बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या गोळा करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील ते सांगावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सर्वांचे मिळून अचूकतेचे प्रमाण निम्म्याहूनही किंचित कमी आले. सर्वोत्तम ज्योतिषाची चाळीसपैकी २४ उत्तरे बरोबर होती.

आता थोडे गणित करू. नाणे उडवून उत्तरे दिली तरी चाळीसपैकी २६ किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.०४ आहे. म्हणजे एकट्या ज्योतिषास २६ गुण मिळाले असते तर प्रचलित अर्थाने ते 'सार्थक' ठरले असते. परंतु परीक्षार्थी सत्तावीस असताना, कोणासही काहीही कळत नसले तरी, त्यांपैकी निदान एकास २६ किंवा अधिक गुण मिळण्याची संभाव्यता सुमारे ६७ टक्के होते! केवळ त्या एकाचा निकाल छापून उरलेल्या सव्वीसांविषयी मौन बाळगले असते, तर फलज्योतिष सिद्ध झाल्याचा डंका सहज पिटता आला असता. सदर प्रयोगकर्त्यांनी सर्वांचे निकाल जाहीर केले, हे त्यांच्या प्रयोगाचे खरे बळ होय.

मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या प्रयोगशाळेत असे परीक्षार्थी सत्तावीस नसतात. लाखाच्या घरात असतात.

मेंदूचे वाफे

कार्यात्मक चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, ज्यास व्यवहारात 'एफएमआरआय' म्हणतात, ते सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वावर आधारलेले आहे. रक्तातील हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला की तेथील रक्तपुरवठा वाढतो व संकेतात अत्यल्प बदल होतो. हा बदल सामान्यतः एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा असतो. यंत्राचा अंगभूत गोंगाट, श्वासोच्छ्वास व डोक्याची हालचाल यांत तो सहज हरवतो. म्हणूनच सांख्यिकीची गरज लागते.

विश्लेषणासाठी मेंदूचे दोन-तीन मिलिमीटर बाजूच्या घनाकार भागांत विभाजन करतात. अशा एका भागास 'व्हॉक्सेल' म्हणतात. शेताचे वाफे पाडावेत तसे हे मेंदूचे वाफे होत. फक्त त्यांची संख्या एक लाखाच्या आसपास वा त्याहूनही अधिक असते. प्रत्येक व्हॉक्सेलसाठी 'येथे फरक नाही' ही शून्य परिकल्पना स्वतंत्रपणे तपासली जाते. एक लाख व्हॉक्सेल व ०.०५ ही पातळी घेतली, तर ज्या मेंदूत काहीही घडलेले नाही त्यातही सरासरी पाच हजार व्हॉक्सेल रंगतील. पातळी ०.००१ इतकी कडक केली तरी शंभर उरतात. शंभर ठिपके म्हणजे छापण्याजोगे चित्र झाले.

या धोक्याचे सर्वांत बोलके प्रात्यक्षिक क्रेग बेनेट व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सादर केले. त्यांनी बाजारातून आणलेला मृत सामन मासा यंत्रात ठेवला, त्यास माणसांची छायाचित्रे दाखविली, आणि चित्रातील व्यक्तीची भावना कोणती असेल असा प्रश्नही रीतसर 'विचारला'. नंतर नेहमीचीच पद्धत वापरून विश्लेषण केले. ८,०६४ व्हॉक्सेलपैकी १६ व्हॉक्सेल ०.००१ पातळीवर सार्थक निघाले, आणि त्यांतील काही नेमके माशाच्या मेंदूत एकमेकांस लागून होते. बहुविध कसोट्यांसाठी दुरुस्ती करताच सर्व ठिपके नाहीसे झाले. या कामास २०१२ मध्ये 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. हसावयास लावून नंतर विचार करावयास लावणाऱ्या संशोधनास हे पारितोषिक देतात. येथे विचाराचा भाग असा की, त्या काळी प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांपैकी बऱ्याच निबंधांत अशी दुरुस्ती केलेलीच नसे.

शेजारधर्माची अडचण

दुरुस्तीची सर्वांत साधी रीत बोनफेरोनी यांच्या नावाने ओळखली जाते: जेवढ्या कसोट्या, तेवढ्यांनी ०.०५ ला भागावे. एक लाख व्हॉक्सेलसाठी मर्यादा ०.०००००0५ इतकी खाली येते. ही रीत सुरक्षित आहे, परंतु खरे फरकही गिळून टाकते. असलेला फरक न दिसणे ही दुसऱ्या प्रकारची चूक. ती पहिल्या प्रकारच्या चुकीइतकी गाजत नाही, इतकेच. १९९५ मध्ये बेंजामिनी व हॉखबर्ग यांनी वेगळा मार्ग सुचविला. एकही खोटा ठिपका नको असा हट्ट न धरता, रंगलेल्या ठिपक्यांपैकी खोट्यांचे अपेक्षित प्रमाण पाच टक्क्यांच्या आत ठेवावे, असा तो मार्ग आहे.

परंतु मूळ अडचण निराळी आहे. मेंदूचे लगतचे व्हॉक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. शेतातील एका वाफ्यात ज्वारी जोमाने आली तर शेजारच्या वाफ्यातही ती बरी येण्याचा संभव असतो, कारण खालची जमीन एकच. उत्तम जमिनीचा पट्टा दहा वाफ्यांत पसरलेला असेल तर ती दहा वेगळी निरीक्षणे नसून एकाच निरीक्षणाची दहा रूपे असतात. मेंदूतही तसेच, शिवाय विश्लेषणापूर्वी प्रतिमा मुद्दाम थोडी धूसर केली जाते, त्यामुळे शेजारसंबंध आणखी वाढतो.

या शेजारसंबंधाचाच उपयोग करून घेण्याची युक्ती कीथ वर्स्ली आदी संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात विकसित केली. एकट्या व्हॉक्सेलकडे न पाहता लागून असलेल्या व्हॉक्सेलच्या पुंजक्याकडे पाहावे. योगायोगाने लहान पुंजके पुष्कळ होतील, मोठे पुंजके क्वचितच. मग किती मोठा पुंजका 'सार्थक' मानावा? ते ठरविण्यासाठी शेजारसंबंध अंतरानुसार कसा कमी होतो याविषयी काही गृहीत धरावे लागते. प्रचलित संगणकप्रणालींनी तो घंटाकृती वक्राप्रमाणे झपाट्याने कमी होतो असे धरले, आणि दोन दशके ते तसेच चालू राहिले.

२०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स व हान्स क्नुट्सन यांनी हे गृहीतक तपासले. त्यांची रीत सांख्यिकीच्या कोणत्याही अध्यापकास आनंद देईल अशी आहे. त्यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या, काहीही काम न करता पडून असतानाच्या प्रतिमा घेतल्या. या व्यक्ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने लहान गटांत विभागल्या आणि गटागटांत फरक शोधला. गट यदृच्छेने पाडलेले असल्याने फरक असण्याचे कारणच नव्हते. शंभरातील सुमारे पाच तुलनांत फरक दिसावा एवढीच अपेक्षा. हा प्रकार लक्षावधी वेळा केल्यावर असे आढळले की, सैल प्राथमिक मर्यादा ठेवून पुंजके मोजण्याच्या पद्धतीत खोट्या निकालांचे प्रमाण काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत जाते. शेजारसंबंध गृहीत धरला होता त्यापेक्षा दूरवर पसरतो, हे त्याचे मुख्य कारण. एका प्रणालीत तर पंधरा वर्षे राहिलेला संगणकीय दोषही उघडकीस आला. 'चाळीस हजार निबंध संशयास्पद' अशा ज्या बातम्या त्या वेळी आल्या त्या मात्र अतिरंजित होत्या. लेखकांनी स्वतःच नंतर तो आकडा मागे घेतला.

ज्या पद्धतीने या परीक्षेत जवळजवळ अचूक पाच टक्के दिले, ती सर्वांत जुनी व सर्वांत साधी होती. तिला क्रमबदल कसोटी म्हणतात आणि तिचे बीज फिशर यांच्याच १९३५ च्या ग्रंथात आहे. वाफ्यांवरील वाणांच्या पाट्या काढाव्यात, पुन्हा यदृच्छेने लावाव्यात, आणि फरक मोजावा. असे हजारो वेळा करावे. खऱ्या पाट्यांचा फरक या हजारोंच्या तुलनेत किती असामान्य आहे ते पाहावे. जमिनीविषयी कोणतेही गृहीतक लागत नाही. लागतो तो फक्त संगणकाचा वेळ, आणि तो आता स्वस्त झाला आहे.

विश्लेषकाची निवड किती निर्णायक ठरते हे २०२० मध्ये पुन्हा दिसले. १०८ व्यक्तींची एकच माहिती ७० स्वतंत्र चमूंना देण्यात आली व नऊ परिकल्पना तपासण्यास सांगण्यात आले. कोणत्याही दोन चमूंची कार्यपद्धती तंतोतंत सारखी नव्हती, आणि अनेक परिकल्पनांबाबत त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले.

पुण्याचा खटला

इथवरची चर्चा प्रयोगशाळेची होती. प्रयोगशाळेत खोटा ठिपका निघाला तर निबंध मागे घेता येतो. न्यायालयात तसे नसते, आणि मेंदूतील संकेतांवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याचा जगभर चर्चिला गेलेला प्रसंग पुण्यातच घडला.

जून २००८ मध्ये पुणे येथील सत्र न्यायालयाने एका तरुणीस पूर्वाश्रमीच्या वाग्दत्त वराच्या विषप्रयोगाने झालेल्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. पुराव्यांत इतर बाबींबरोबर 'ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर' या चाचणीचा अहवाल होता. ही चाचणी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेल्या डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेली होती. तीत चुंबकीय प्रतिमा नसतात. डोक्यावर विद्युतअग्रे बसवून, घटनेसंबंधी प्रथमपुरुषी विधाने ऐकवून, मेंदूतील विद्युत लहरी नोंदल्या जातात. नोंदींवरून त्या कृतीचा 'अनुभव' व्यक्तीपाशी आहे की नाही, हे संगणकप्रणाली सांगते असा दावा आहे. यंत्र निराळे असले तरी तर्काची साखळी तीच: संकेत, मर्यादा, व मर्यादा ओलांडल्यावर दिलेला अर्थ.

या साखळीत दोन कच्चे दुवे आहेत. पहिला आपल्या परिचयाचा आहे. उदाहरणादाखल समजा, एका विधानावर निरपराध व्यक्तीविषयी खोटा संकेत मिळण्याची संभाव्यता पाच टक्के आहे. परस्परस्वतंत्र अशी तीस विधाने ऐकविली तर निदान एकावर खोटा संकेत मिळण्याची संभाव्यता ७८ टक्क्यांहून अधिक होते. दुसरा दुवा उलट्या अनुमानाचा. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो हे खरे. पण रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊस पडला असे सोलापूरकर म्हणणार नाही, टँकरही जाऊन गेलेला असू शकतो. स्मृती जागी झाली की विशिष्ट लहर उमटते, एवढ्यावरून लहर उमटली म्हणजे प्रत्यक्ष कृतीची स्मृती आहे असे ठरत नाही. तपासात वारंवार ऐकलेली हकीकत, भीती वा निव्वळ कल्पना यांनीही ती उमटू शकेल.

आकड्यांत मांडावयाचे तर: दोनशे संशयित आहेत, त्यांपैकी दहा दोषी आहेत, चाचणी दोषींपैकी ९० टक्के ओळखते आणि निर्दोषांपैकी १० टक्क्यांस चुकून दोषी म्हणते, असे धरू. नऊ दोषी सापडतील. त्यांच्यासोबत एकोणीस निर्दोषही सापडतील. चाचणी '९० टक्के अचूक', आणि तिने बोट दाखविलेल्या अठ्ठावीस जणांपैकी एकोणीस निर्दोष! प्रस्तुत लेखकाच्या मते पी-मूल्य व निष्कर्षाची सत्यता यांतील फरक वर्गात शिकविण्यास याहून परिणामकारक उदाहरण मिळणार नाही.

त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्या शास्त्रीय आधारावर टिकत नाहीत व त्यांचा पुरावा म्हणून वापर होऊ नये असे मत दिले. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सदर तरुणीस जामीन मंजूर केला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ व मेंदू-चाचणी संमतीशिवाय घेणे घटनाबाह्य ठरविले. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निकालही स्वतः पुरावा होत नाही. मात्र तीतून पुढे प्रत्यक्ष सापडलेली वस्तू वा माहिती ग्राह्य होऊ शकते. संमतीने अशा चाचण्या घेण्याची प्रथा तपासयंत्रणांत त्यानंतरही टिकून आहे.

आपल्या संशोधनातील व्हॉक्सेल

आपल्या महाविद्यालयांत अशी यंत्रे नाहीत, ती येण्याची चिन्हेही नाहीत. पण व्हॉक्सेल आहेत. सामाजिक शास्त्रे, वाणिज्य वा शिक्षणशास्त्रातील एखादा प्रबंध उघडावा. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली असते. लिंग, वय, शिक्षण, उत्पन्न व निवास या पाच घटकांशी प्रत्येक प्रश्नाचा संबंध काय-वर्ग कसोटीने तपासलेला असतो. दोनशे कसोट्या झाल्या. काहीही संबंध नसला तरी सरासरी दहा 'सार्थक' निघणार. प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणात नेमके हेच दहा-बारा निष्कर्ष म्हणून येतात, आणि त्यांवर शासनास शिफारशीही केलेल्या असतात. उरलेल्या एकशे नव्वद कोष्टकांचा उल्लेख कोठे नसतो.

यात संशोधकाचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. संगणकावर एक आज्ञा दिली की दोनशे कोष्टके एकदम बाहेर पडतात, आणि तारांकित आकड्यांकडेच डोळे वळतात. मौखिक परीक्षेत 'आपण एकूण किती कसोट्या केल्या?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यास सांख्यिकीचे विशेष ज्ञान लागत नाही. मार्गदर्शक कोणत्याही विषयाचा असो, त्यास तो विचारता येईल. एकूण कसोट्यांची संख्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात नोंदविणे, मुख्य परिकल्पना माहिती गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवणे, आणि उरलेल्या तुलनांना 'शोधक स्वरूपाच्या' असे स्पष्ट म्हणणे यांस खर्च काहीच येत नाही. बेंजामिनी-हॉखबर्ग दुरुस्ती तर पी-मूल्ये चढत्या क्रमाने लावून कागदावरही करता येते: क्रमांकास एकूण कसोट्यांनी भागावे, ०.०५ ने गुणावे, आणि जे शेवटचे पी-मूल्य या संख्येहून मोठे नाही तेथपर्यंतचेच निकाल सार्थक धरावेत. दोनशे कसोट्यांत सर्वांत लहान पी-मूल्यापुढील ही संख्या ०.०००२५ येते. ०.०४ आले म्हणून तारांकित केलेल्या नोंदीस टिकावयाचे असेल, तर तिच्यासह निदान १६० कसोट्यांची पी-मूल्ये ०.०५ किंवा त्याहून कमी असावी लागतील.